मूकपट, भारतीय

पडद्यावरील हलत्या चित्रांना ध्वनीची जोड मिळण्यापूर्वी भारतात निर्माण झालेले चित्रपट. स्थूलमानाने १९१२–१३ ते १९३४ हा त्यांचा कालखंड होय. 'मूकपट' ही संज्ञा बोलपट आल्यानंतर, त्यांच्याहून वेगळेपणा दर्शविण्यासाठी रूढ झाली. तत्पूर्वी चित्रपट म्हणजेच मूकपट. या सु. दोन दशकांत तेराशेहून अधिक कथापट तयार झाले. कथाविषय, निर्मितीगृहे, वितरण व प्रदर्शन यांची व्यवस्था, नटनटींची लोकप्रियता, अभ्यवेक्षण ही भारतीय चित्रपटव्यवसायाची बहुतेक सर्व अंगे याच काळात आकारास आली. तथापि त्या चित्रपटांपैकी आज फारच थोडे, आणि तेही बहुधा तुटक स्वरूपात, उपलब्ध आहेत. त्यामुळे भारतीय चित्रपटाच्या या पायाभूत कालखंडाचा इतिहास प्रत्यक्ष चित्रपटांपेक्षा वृत्तपत्रे, जाहिराती, छायाचित्रे, सरकारी अहवाल आणि समकालीनांच्या आठवणी यांवरूनच प्रामुख्याने लिहावा लागतो.

पूर्वपीठिका : फ्रान्समधील ल्यूम्येअर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा भारतातील पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. त्यात सहा लघुपट दाखविण्यात आले. त्याच महिन्यात हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात होऊ लागले. तेथे तिकिटांचे दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत ठेवण्यात आले होते आणि पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र बैठकीची सोय होती. केवळ उच्चभ्रूंसाठी असलेली ही करमणूक अशा रीतीने अल्पावधीतच सर्व थरांतील प्रेक्षकांसाठी खुली झाली.

हे खेळ पाहून प्रभावित झालेले मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा (१८६८–१९५८) यांनी परदेशातून कॅमेरा मागविला व १८९९ मध्ये मुंबईतील कुस्तीचे चित्रण केले. केंब्रिज येथून गणितातील उच्च यश संपादन करून परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या स्वागताचे त्यांनी १९०१ मध्ये केलेले चित्रण हे भारतीय वार्तापटाचे प्रारंभीचे उदाहरण मानले जाते. कलकत्त्यात हिरालाल सेन यांनी याच सुमारास रॉयल बायोस्कोप कंपनीच्या वतीने नाट्यप्रयोगांतील प्रवेशांचे चित्रण सुरू केले. त्यांचे चित्रपट १९१७ मध्ये लागलेल्या आगीत नष्ट झाले. पुढे संपूर्ण मूकपटसृष्टीच्या वाट्याला जे आले, त्याची ही जणू पूर्वसूचनाच होती.

कायमस्वरूपी चित्रपटगृहे उभी राहण्यापूर्वी फिरते प्रदर्शक तंबू ठोकून खेळ करीत. जत्रा, उरूस आणि बाजाराची गावे ही त्यांची हक्काची ठिकाणे असत. अब्दुलअली युसुफअली हे अशा प्रदर्शकांपैकी एक प्रमुख होत. जमशेटजी फ्रामजी मादन (१८५६–१९२३) यांनी कलकत्त्याच्या मैदानावर १९०२ मध्ये तंबूतील खेळांपासून सुरुवात केली. पुढे त्यांच्या कंपनीने भारत, ब्रह्मदेश व श्रीलंका येथील चित्रपटगृहांची मोठी साखळी उभारली व निर्मितीच्या क्षेत्रातही पदार्पण केले.

कथापटाचा प्रारंभ : रामचंद्र गोपाळ तथा दादासाहेब तोरणे (१८९०–१९६०) यांचा 'श्री पुंडलिक' हा चित्रपट मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये १८ मे १९१२ रोजी प्रदर्शित झाला. ते एका नाटकाचे चित्रण होते आणि त्याचे छायालेखन इंग्रज तंत्रज्ञाने केले होते. या कारणास्तव अनेक इतिहासकार पहिल्या भारतीय कथापटाचा मान 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटास देतात. पहिलेपणाचा हा वाद बाजूस ठेवला, तरी चित्रपट ही नाटकाची छाया नसून स्वतंत्र कला आहे, या जाणिवेने निर्मिती करण्याचे श्रेय 'राजा हरिश्चंद्र'चे निर्माते धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांच्याकडे जाते.

त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या फाळके यांनी मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात व बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले होते. छायाचित्रण, शिलामुद्रण, रंगभूषा, जादूचे प्रयोग अशा अनेक कलांची त्यांना माहिती होती. राजा रविवर्मा यांच्या मुद्रणालयाशीही त्यांचा संबंध आला होता. ख्रिस्ताच्या जीवनावरील एक चित्रपट पाहत असताना त्याच धर्तीवर राम व कृष्ण पडद्यावर आणण्याची कल्पना त्यांना सुचली. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला गेले. तेथे त्यांनी तंत्राची माहिती करून घेतली व विल्यम्सन कॅमेरा विकत घेतला. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी, म्हणून त्यांनी कुंडीत पेरलेल्या बीजापासून रोप कसे वाढते, हे थोड्या थोड्या कालांतराने टिपलेल्या चित्रांतून दाखविले.

दादर येथे तयार झालेला 'राजा हरिश्चंद्र' सु. ३,७०० फूट लांबीचा होता. २१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांसाठी आणि ३ मे १९१३ पासून कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी त्याचे प्रदर्शन झाले. दत्तात्रय दामोदर दाबके यांनी हरिश्चंद्राची, अण्णा साळुंके यांनी तारामतीची आणि फाळके यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी रोहिदासाची भूमिका केली. चित्रफितीला छिद्रे पाडणे, ती धुणे, कामावरील मंडळींची जेवणखाण्याची व्यवस्था पाहणे अशी कामे सरस्वतीबाई फाळके यांनी केली. चित्रपटाच्या उभारणीतील त्यांचा वाटा मोठा आहे. फाळके यांनी पुढे आपला व्यवसाय नासिक येथे नेला. 'लंका दहन' (१९१७), 'श्रीकृष्ण जन्म' (१९१८), 'कालिया मर्दन' (१९१९) हे त्यांचे उल्लेखनीय चित्रपट. कालियावर नाचणाऱ्या बालकृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. 'नवयुग' मासिकात १९१७–१८ मध्ये लेख लिहून त्यांनी या व्यवसायातील अनुभव मराठी वाचकांपुढे मांडले. स्वदेशीच्या भावनेचे या उद्योगाशी असलेले नाते त्यांतून स्पष्ट होते. परदेशी यंत्राच्या साहाय्याने, पण भारतीय हातांनी व भारतीय कथांवर उभारलेला उद्योग, असे त्याचे स्वरूप होते.

विस्तार व विषय : १९२० पर्यंत निर्मितीची केंद्रे मुंबई व नासिकबाहेरही पसरली होती. मद्रासमध्ये नटराज मुदलियार यांनी 'कीचकवधम्' हा दक्षिण भारतातील पहिला कथापट काढला. कलकत्त्यास मादन कंपनीचा 'बिल्वमंगल' १९१९ मध्ये प्रदर्शित झाला, तर धीरेन गांगुली (१८९३–१९७८) यांनी 'बिलात फेरत' (१९२१) या चित्रपटात विलायतेहून परतलेल्या तरुणाच्या नवलाईची थट्टा केली. मुंबईत द्वारकादास संपत यांची कोहिनूर, अर्देशीर इराणी (१८८६–१९६९) यांची इंपीरियल, चंदुलाल शहा व गोहर यांची रणजित इ. संस्था नावारूपास आल्या.

कोल्हापूर येथे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली. त्यांनी व त्यांचे आतेबंधू आनंदराव यांनी देशी कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला होता. आनंदराव यांचे १९१६ मध्ये निधन झाल्यावर बाबूरावांनी ते काम पुरे केले. त्यांच्या 'सैरंध्री' (१९२०) या चित्रपटात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. नेपथ्य, वेशभूषा व प्रकाशयोजना यांबाबत चित्रकाराची दृष्टी त्यांनी चित्रपटास दिली. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील 'सावकारी पाश' (१९२५) या त्यांच्या चित्रपटात कर्जापायी जमिनीस मुकलेल्या शेतकऱ्याचे जीवन आले होते. पुराणकथांचा प्रभाव असताना ग्रामीण दारिद्र्याचे वास्तव दर्शन घडविणारा चित्रपट म्हणून त्याचे महत्त्व आहे. त्यात शेतकरी तरुणाची भूमिका करणारे व्ही. शांताराम आणि विष्णुपंत दामले, एस्. फत्तेलाल, केशवराव धायबर हे या कंपनीत तयार झालेले कलावंत. त्यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली.

मूकपटांचे विषय प्रारंभी पौराणिक, नंतर ऐतिहासिक व सामाजिक आणि अखेरच्या टप्प्यात साहसप्रधान असे वाढत गेले. पौराणिक कथांना मिळालेल्या अग्रक्रमाचे कारण केवळ धार्मिक नव्हते. कीर्तन, लोकनाट्य, रविवर्मा यांची छापील चित्रे यांमुळे या कथा सर्व प्रांतांतील लोकांना आधीपासून ठाऊक होत्या. साहजिकच अक्षरओळख नसलेल्या प्रेक्षकालाही त्या संवादावाचून समजत. पडद्यावर देव दिसताच प्रेक्षक हात जोडीत, अशी वर्णने आढळतात.

प्रदर्शनाची रीत : मूकपट हा वस्तुतः निःशब्द नव्हता. पेटी, तबला, क्वचित व्हायोलिन यांची साथ पडद्याशेजारी बसून दिली जाई. दृश्यांच्या मध्ये मजकुराच्या पाट्या येत. त्या प्रायः एकाहून अधिक भाषांत असत. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये त्या इंग्रजी व हिंदी अशा दोन भाषांत होत्या. निरक्षर प्रेक्षकांसाठी त्या मोठ्याने वाचून दाखविणारा व कथेचे विवरण करणारा निवेदक अनेक ठिकाणी नेमलेला असे. पाट्या बदलल्या, की तोच चित्रपट दुसऱ्या प्रांतात दाखविता येई. परिणामी कोल्हापुरात वा कलकत्त्यात तयार झालेला चित्रपट भाषेच्या अडसराशिवाय देशभर हिंडत असे. एवढ्या मोठ्या प्रमाणावर भाषेची सीमा ओलांडणारी करमणूक भारतात पूर्वी क्वचितच झाली होती.

स्त्रियांचा प्रवेश : प्रतिष्ठित समाजात अभिनय हा स्त्रीसाठी निषिद्ध व्यवसाय मानला जात असल्याने फाळके यांना तारामतीच्या भूमिकेसाठी पुरुष नट घ्यावा लागला. मात्र त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर' या त्यांच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) यांनी भूमिका केल्या. पुढील काळात अँग्लो-इंडियन व ज्यू समाजांतील अभिनेत्री पुढे आल्या. पेशन्स कूपर, सुलोचना (रूबी मायर्स), सीतादेवी (रेनी स्मिथ) ही त्यांतील ठळक नावे. फातमा बेगम यांनी 'बुलबुल-ए-परिस्तान' (१९२६) हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्या भारतातील पहिल्या स्त्री-दिग्दर्शक मानल्या जातात.

या वाटचालीला जातीय पूर्वग्रहांचीही बाजू होती. जे. सी. डॅनियल यांच्या 'विगतकुमारन्' या मलयाळम् प्रदेशातील पहिल्या कथापटात पी. के. रोझी या दलित अभिनेत्रीने उच्चवर्णीय स्त्रीची भूमिका केली. त्यामुळे त्रिवेंद्रम येथे प्रक्षोभ उसळला व तिला गाव सोडून जावे लागले. तो चित्रपट आज अस्तित्वात नाही. त्यामुळे तिचा अभिनय कसा होता, हे ठरविण्याचे साधनही उरलेले नाही.

अभ्यवेक्षण व शासनाचे धोरण : १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ अधिनियमानुसार १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे अभ्यवेक्षण मंडळे स्थापन झाली. राजकीय आशय पुराणकथेच्या आवरणाखाली मांडण्याची प्रथा रंगभूमीवर होतीच. चित्रपटांनीही ती उचलली. कोहिनूरच्या 'भक्त विदुर' (१९२१) मधील विदुराची वेशभूषा महात्मा गांधींची आठवण करून देणारी होती. या चित्रपटावर कराची व मद्रास येथे बंदी घालण्यात आली. प्रभातच्या शिवचरित्रावरील चित्रपटाचे 'स्वराज्य तोरण' हे नाव मंडळाच्या आक्षेपामुळे बदलून 'उदयकाल' (१९३०) असे करावे लागले.

दिवाण बहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने १९२७ मध्ये चित्रपट चौकशी समिती नेमली. त्या वेळी भारतातील पडद्यांवर अमेरिकन चित्रपटांचे वर्चस्व होते. साम्राज्यातील, म्हणजे प्रामुख्याने ब्रिटिश, चित्रपटांना सवलत द्यावी काय, हा समितीपुढील एक प्रमुख प्रश्न होता. समितीने देशभर हिंडून साडेतीनशेहून अधिक साक्षीदारांच्या साक्षी नोंदविल्या. १९२८ च्या अहवालात तिने साम्राज्य-सवलतीची कल्पना नाकारली व भारतीय निर्मात्यांना साहाय्य देण्याची शिफारस केली. या शिफारशी बहुतांशी कागदावरच राहिल्या. तथापि निर्माते, प्रदर्शक, नटनटी, शिक्षक, अधिकारी अशा नानाविध लोकांच्या साक्षींमुळे समितीची कागदपत्रे ही मूकपटांच्या इतिहासाची एक महत्त्वाची साधनसामग्री ठरली आहेत.

ऱ्हास : इंपीरियलचा 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्यात सात गाणी होती. १९३१ मध्ये २८ बोलपट निघाले. मूकपटांची संख्या त्याच वर्षी त्याहून कितीतरी अधिक होती. परंतु प्रेक्षकांचा कौल स्पष्ट होता. तीनचार वर्षांत मूकपटांची निर्मिती थांबली. फाळके यांच्या 'सेतुबंधन' (१९३२) या मूकपटाला मागाहून ध्वनीची जोड द्यावी लागली.

या स्थित्यंतराचे परिणाम दूरगामी होते. चित्रपटगृहांतील वादक व निवेदक यांचे काम संपले. हिंदुस्थानी उच्चारांची सवय नसलेल्या अभिनेत्रींपुढे नवा पेच उभा राहिला. सुलोचना यांनी भाषेचा अभ्यास करून आपले स्थान पुन्हा मिळविले, परंतु सर्वांनाच ते साधले नाही. मुख्य म्हणजे एकसंध असलेली बाजारपेठ भाषांनुसार विभागली गेली. मराठी, बंगाली, तमिळ, तेलुगू इ. प्रादेशिक चित्रपटसृष्टींचा उदय झाला. मराठीत प्रभातचा 'अयोध्येचा राजा' (१९३२) हा पहिला बोलपट होय. त्याने हरिश्चंद्राचीच कथा निवडली व ती मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत सादर केली. भाषेमुळे तुटलेला दुवा पुढे काही अंशी गीतांनी सांधला, असे म्हणता येईल.

जतन व उपलब्धता : मूकपट नाहीसे होण्यास अनेक कारणे घडली. त्या काळातील चित्रफीत सेल्युलोज नायट्रेटची असे. ती अतिशय ज्वालाग्राही असून उष्ण व दमट हवेत तिचे विघटन होते. प्रती मोजक्याच काढल्या जात व गावोगावच्या खेळांत त्या झिजून जात. बोलपटांच्या आगमनानंतर त्यांची व्यापारी किंमत शून्यावर आली. चित्रफितीवरील लेपात चांदीचा अंश असल्याने ती काढून घेण्यासाठीही अनेक चित्रपट मोडीत निघाले. ते जपून ठेवणारी संस्था त्या काळात देशात नव्हती. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुणे येथे १९६४ मध्ये स्थापन झाले, तेव्हा अखेरच्या मूकपटाला तीस वर्षे होऊन गेली होती. संग्रहालयाच्या उभारणीत पी. के. नायर (१९३३–२०१६) यांनी केलेला शोध व संग्रह मोलाचा आहे. फाळके यांच्या चित्रपटांचे उरलेले भाग त्यामुळेच आज पाहावयास मिळतात. तथापि जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील नायट्रेट चित्रफितींच्या साठ्याला लागलेल्या आगीत बरेच जुने चित्रपट नष्ट झाले. हे संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले.

जे चित्रपट वाचले, ते बव्हंशी योगायोगाने. सी. व्ही. रामन पिळ्ळै यांच्या कादंबरीवरील 'मार्तंड वर्मा' (१९३३) हा चित्रपट हक्कांसंबंधीच्या खटल्यामुळे प्रदर्शनातून काढून घेण्यात आला. त्याची प्रत कादंबरीच्या प्रकाशकाकडे राहिली व पुढे संग्रहालयास मिळाली. हिमांशू राय (१८९२–१९४०) व जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांचे 'शिराझ' (१९२८) व 'प्रपंच पाश' (१९२९) हे चित्रपट परदेशी संस्थांच्या सहकार्याने तयार झाले होते. त्यांच्या प्रती ब्रिटनमधील संग्रहालयात सुरक्षित राहिल्या. 'बिल्वमंगल'चा काही भाग फ्रान्समध्ये सापडला व त्याची प्रतिकृती २०१६ मध्ये भारतास मिळाली. उलटपक्षी 'सैरंध्री', मूक 'सावकारी पाश', 'भक्त विदुर' यांच्या प्रती उपलब्ध नाहीत. पहिला बोलपट 'आलम आरा' हाही त्याच वाटेने गेला. 'राजा हरिश्चंद्र'चे म्हणून जे भाग जपले गेले आहेत, ते मूळ १९१३ च्या चित्रपटाचे नसून फाळके यांनी १९१७ मध्ये केलेल्या पुनर्निर्मितीचे असावेत, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

मूल्यमापन : भारतीय मूकपटांनी अल्प भांडवल, परदेशी चित्रपटांची स्पर्धा व सामाजिक उपेक्षा यांना तोंड देऊन एका मोठ्या उद्योगाचा पाया घातला. शासनाने १९६९ मध्ये चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च सन्मानास फाळके यांचे नाव दिले, ते याच कार्याची पावती म्हणून. पौराणिक, ऐतिहासिक व सामाजिक हे चित्रपटांचे आजही वापरले जाणारे वर्गीकरण, तारकापद्धती, एकाच कथेचे पुनःपुन्हा होणारे सादरीकरण, प्रादेशिक केंद्रांतून अखिल भारतीय प्रेक्षकाकडे पाहण्याची दृष्टी यांचे मूळ मूकपटांत सापडते. हा प्रभाव त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांच्या कलाकृतींतून दिसतो, पण स्वतः मूकपटांचे कलात्मक मूल्य ठरविण्यास आधार अपुरा आहे. उपलब्ध अवशेष बहुधा अपघाताने उरलेले असल्यामुळे त्यांवरून संपूर्ण कालखंडासंबंधी निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. अमुक चित्रपट श्रेष्ठ होता हे विधान पुष्कळदा समकालीनांच्या शब्दांवर विसंबून असते. त्यामुळे भारतातील व परदेशांतील संग्रह, जुन्या चित्रपटगृहांचे साठे आणि खाजगी संग्रह यांमधील मूकपटांचा शोध व त्यांचे जतन हा या इतिहासाच्या अभ्यासाचाच अविभाज्य भाग ठरतो.